संगणकाच्या भाषेला अर्थ देणारा शिक्षक : ख्रिस्तोफर स्ट्रॅची

मराठी वाचकाला स्ट्रॅची हे आडनाव परिचित आहे ते लोकमान्य टिळकांवरील पहिल्या राजद्रोहाच्या खटल्यामुळे. १८९७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात हा खटला न्यायमूर्ती आर्थर स्ट्रॅची यांच्यापुढे चालला. भारतीय दंडविधानाच्या कलम १२४-अ मधील 'डिसअफेक्शन' या शब्दाचा अर्थ काय, हा त्यातील कळीचा मुद्दा होता. प्रीतीचा अभाव म्हणजेच अप्रीती, असा व्यापक अर्थ न्यायमूर्तींनी ज्यूरीला समजावून सांगितला. सहा युरोपीय ज्यूरर्सनी टिळकांना दोषी ठरविले, तीन भारतीय ज्यूरर्सनी निर्दोष ठरविले आणि टिळकांना अठरा महिन्यांची सक्तमजुरी झाली. शब्द तोच असला तरी त्याचा अर्थ कोण आणि कसा लावतो यावर केवढे काही अवलंबून असते, याचा हा धडा महाराष्ट्राने त्या वर्षी घेतला.

याच घराण्यात, न्यायमूर्तींच्या चुलतभावाच्या पोटी, १६ नोव्हेंबर १९१६ रोजी लंडनमधील हॅम्पस्टेड येथे ख्रिस्तोफर स्ट्रॅची यांचा जन्म झाला. लिहिलेल्या मजकुराचा नेमका अर्थ काय आणि तो कोणी ठरवायचा, हाच प्रश्न पुढे त्यांच्याही आयुष्याचा विषय झाला. त्यांच्यासमोरचा मजकूर मात्र संगणकाच्या प्रोग्रॅमचा होता. प्रोग्रॅमिंगच्या भाषांचा अर्थ गणिताच्या पायावर उभा करणाऱ्या मोजक्या व्यक्तींमध्ये त्यांचे नाव अग्रभागी घेतले जाते. आज महाविद्यालयात संगणकशास्त्र शिकणारा विद्यार्थी 'पॉलिमॉर्फिझम', 'करिंग', 'एल-व्हॅल्यू' असे शब्द सहज वापरतो. हे शब्द रूढ करण्यात ज्यांचा मोठा वाटा होता, त्या स्ट्रॅची यांचे नाव त्याच्या पाठ्यपुस्तकात क्वचितच आढळते.

नामवंतांचे घराणे

स्ट्रॅची घराण्याचा हिंदुस्थानशी संबंध जुना होता. ख्रिस्तोफर यांचे आजोबा लेफ्टनंट जनरल सर रिचर्ड स्ट्रॅची यांनी दख्खनला होरपळून काढणाऱ्या १८७६-७८ च्या दुष्काळानंतर नेमलेल्या दुष्काळ आयोगाचे अध्यक्षपद भूषविले होते. रिचर्ड यांचे बंधू सर जॉन हेही हिंदुस्थान सरकारातील बडे अधिकारी होते. न्यायमूर्ती आर्थर हे या जॉन यांचे चिरंजीव. प्रसिद्ध चरित्रकार लिटन स्ट्रॅची हे ख्रिस्तोफर यांचे सख्खे काका. त्यांचे नावही व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांच्यावरून ठेवण्यात आले होते.

वडील ऑलिव्हर यांनी काही काळ ईस्ट इंडियन रेल्वेत काम केले आणि पुढे ते ब्रिटिश सरकारच्या सेवेत गुप्तलिपी उकलणारे तज्ज्ञ म्हणून नावारूपाला आले. दुसऱ्या महायुद्धात जर्मन हेरखात्याचे संदेश उकलणाऱ्या पथकाचे ते प्रमुख होते. आई रे स्ट्रॅची यांनी केंब्रिजमध्ये गणिताचे शिक्षण घेतले होते. ब्रिटनमधील स्त्रियांच्या मताधिकाराच्या चळवळीतील त्या आघाडीच्या कार्यकर्त्या आणि त्या चळवळीच्या इतिहासकार होत्या. रे यांच्या मावशी ॲलिस या तत्त्वज्ञ बर्ट्रांड रसेल यांच्या पहिल्या पत्नी. रसेल यांनी शोधलेल्या एका विरोधाभासाची सावली पुढे ख्रिस्तोफर यांच्या कामावर पडणार होती.

अशा घरात वाढलेल्या मुलाकडून मोठ्या अपेक्षा असणे स्वाभाविकच होते. परंतु विद्यार्थी म्हणून ख्रिस्तोफर यांची कारकीर्द डोळे दिपविणारी नव्हती. नॉरफोकमधील ग्रेशॅम्स शाळेतून ते १९३५ मध्ये केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजात दाखल झाले. आरंभी गणित, नंतर भौतिकशास्त्र असा त्यांचा प्रवास झाला. तिसऱ्या वर्षी त्यांना मानसिक आजाराने गाठले आणि शिक्षणात खंड पडला. आपल्या समलिंगी प्रवृत्तीचा स्वीकार करताना झालेली ओढाताण हे त्यामागचे कारण असावे, असे त्यांच्या भगिनी बार्बरा यांचे मत होते. समलिंगी संबंध हा ब्रिटनमध्ये तेव्हा गुन्हा होता. १९३९ मध्ये ते जेमतेम दुसऱ्या श्रेणीत पदवीधर झाले. या श्रेणीमुळे संशोधक होण्याची वाट बंद झाली. ते अखेरपर्यंत डॉक्टरेटविनाच राहिले.

महायुद्धाच्या काळात त्यांनी एका दूरसंचार कंपनीच्या प्रयोगशाळेत इलेक्ट्रॉनिक व्हॉल्व्हच्या रचनेवर काम केले. तेथील समीकरणे सोडविण्यासाठी त्यांना 'डिफरन्शियल ॲनलायझर' हे यांत्रिक गणनयंत्र हाताळावे लागले आणि यंत्राकडून गणित करवून घेण्याची गोडी त्यांना लागली. युद्ध संपताच मात्र ते शाळामास्तर झाले. १९४५ मध्ये कँटरबरीतील सेंट एडमंड्स शाळेत आणि १९४९ पासून हॅरो येथे. पंडित जवाहरलाल नेहरूंनी ज्या शाळेत शिक्षण घेतले, तीच ही हॅरो.

सुट्टीतला उद्योग

वयाच्या पस्तिशीच्या उंबरठ्यावर असलेल्या या शिक्षकाच्या आयुष्याला १९५१ मध्ये वळण लागले. त्या वर्षाच्या आरंभी एका मित्राच्या ओळखीने त्यांनी लंडनजवळच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेतील 'पायलट एस' हा संगणक पाहिला. परतल्यावर शाळेच्या सुट्टीत त्यांनी या यंत्राला ड्राफ्ट्स हा सोंगट्यांचा खेळ खेळावयास लावणारा प्रोग्रॅम लिहावयास घेतला. जुलै महिन्यात तो यंत्रावर चालवून पाहण्यात आला, पण यंत्राच्या तुटपुंज्या स्मृतीत तो मावेना.

मँचेस्टर विद्यापीठात याहून मोठ्या स्मृतीचा फेरांटी मार्क-१ हा संगणक आला होता आणि त्याची वापरपुस्तिका लिहिली होती ॲलन ट्युरिंग यांनी. ट्युरिंग हे किंग्ज कॉलेजातील जुने परिचित. स्ट्रॅची यांनी त्यांच्याशी संपर्क साधला. ट्युरिंग यांनी त्यांना एक अवघड काम सुचविले. यंत्राने स्वतःच्याच कामकाजाची पायरीपायरीने नक्कल करावी, असा प्रोग्रॅम लिहिण्याचे ते काम होते. स्ट्रॅची यांनी एक हजारांहून अधिक आज्ञांचा प्रोग्रॅम लिहून आणला. त्या यंत्रासाठी तोवर लिहिला गेलेला तो सर्वांत मोठा प्रोग्रॅम होता. एका रात्रीत त्यातील चुका दुरुस्त झाल्या आणि काम संपल्यावर यंत्राच्या भोंग्यातून ब्रिटिश राष्ट्रगीताचे सूर उमटले. एका अनोळखी शाळामास्तराने रातोरात घडविलेल्या या चमत्काराने मँचेस्टरची मंडळी थक्क झाली. त्याच वर्षी बीबीसीने या यंत्राचे संगीत ध्वनिमुद्रित केले आणि २०१६ मध्ये न्यूझीलंडच्या संशोधकांनी ते मूळ सुरांत पुन्हा ऐकण्याजोगे केले.

१९५२ च्या उन्हाळ्यापर्यंत ड्राफ्ट्सचा प्रोग्रॅम पूर्ण डाव खेळू लागला. त्याच सुमारास स्ट्रॅची यांनी गंमत म्हणून एक प्रोग्रॅम लिहिला. काही ठरावीक साच्यांत विशेषणे, क्रियाविशेषणे आणि नामे यदृच्छेने बसवून तो प्रेमपत्रे तयार करीत असे आणि खाली मँचेस्टर विद्यापीठाच्या संगणकाच्या आद्याक्षरांची सही करीत असे. ही पत्रे व्याकरणाला धरून असत, वाचताना हसू येई, परंतु त्यांत लिहिणाऱ्याचे मन नसे. वाक्यरचना बिनचूक असूनही अर्थ हरवलेला असू शकतो, ही गोष्ट त्यांनी अशी खेळाखेळात दाखवून दिली होती.

ट्युरिंग यांच्याबरोबरचा आणखी एक प्रसंग महत्त्वाचा आहे. १९५३ मध्ये एका परिषदेला जाताना रेल्वेच्या डब्यात ट्युरिंग यांनी त्यांना एक सिद्धता तोंडी सांगितली. कोणताही प्रोग्रॅम दिला असता तो कधीतरी थांबेल की अनंतकाळ चालत राहील, हे बिनचूक सांगणारा प्रोग्रॅम लिहिणे अशक्य आहे, अशी ती सिद्धता. ट्युरिंग यांच्या निधनानंतर अकरा वर्षांनी, १९६५ मध्ये, स्ट्रॅची यांनी ती एका छोट्या पत्राच्या रूपाने संगणकविषयक नियतकालिकात प्रसिद्ध केली. आजही अनेक पुस्तके ही सिद्धता त्यांनी दिलेल्या सुटसुटीत रूपातच मांडतात.

महामंडळातील नोकरी आणि सल्लागारी

मँचेस्टरमधील कामाची कीर्ती ऐकून राष्ट्रीय संशोधन विकास महामंडळाचे प्रमुख लॉर्ड हॉल्सबरी यांनी स्ट्रॅची यांना नोकरी देऊ केली आणि १९५२ मध्ये त्यांनी हॅरो सोडले. पुढची सात वर्षे त्यांनी संगणकाच्या प्रत्यक्ष व्यवहारात घालविली. कॅनडातील सेंट लॉरेन्स जलमार्गाच्या योजनेसाठी लागणारी किचकट आकडेमोड त्यांनी टोरोंटोच्या संगणकावर करून दाखविली. १९५६ पासून ग्राहकांच्या हाती पडलेल्या 'पेगॅसस' या संगणकाच्या तार्किक रचनेतही त्यांचा मोठा वाटा होता. प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला यंत्राच्या अंतर्गत खोड्या सांभाळाव्या लागू नयेत, हा त्यांचा आग्रह त्या रचनेत दिसतो. १९५९ मध्ये पॅरिस येथे युनेस्कोने भरविलेल्या परिषदेत त्यांनी 'टाइम शेअरिंग' या विषयावर निबंध वाचला. एकाच वेगवान संगणकाचा वेळ अनेक कामांत वाटून देण्याची ही कल्पना पुढे सर्वत्र पसरली.

त्याच वर्षी नोकरी सोडून ते स्वतंत्र सल्लागार झाले. या व्यवसायातून मिळणाऱ्या पैशातून त्यांनी पीटर लँडिन या तरुणाला सहायक म्हणून नेमले. कंपन्यांची कामे सांभाळून लँडिन यांनी प्रोग्रॅमिंगच्या भाषांचा सैद्धांतिक अभ्यास करावा, अशी मुभा त्यांनी दिली होती. एखाद्या खासगी सल्लागाराने पदरमोड करून मूलभूत संशोधन पोसावे, ही गोष्ट त्या काळीही विरळाच होती.

प्रश्न अर्थाचा

तो प्रश्न काय होता, हे समजून घेण्यासाठी त्या काळाकडे पाहावयास हवे. १९५० च्या दशकाच्या अखेरीस फोरट्रान, कोबॉल, लिस्प, अल्गॉल अशा भाषा एकामागून एक अवतरल्या. १९६० च्या अल्गॉलच्या अहवालात भाषेचे व्याकरण जॉन बॅकस आणि पीटर नौर यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या काटेकोर सूत्रांनी मांडले होते. कोणते वाक्य शुद्ध आणि कोणते अशुद्ध, याबद्दल त्यामुळे वाद उरला नाही. शुद्ध वाक्याचा अर्थ मात्र साध्या इंग्रजी गद्यातच सांगितलेला होता. गद्य म्हटले की संदिग्धता आली. परिणामी, एकच प्रोग्रॅम दोन यंत्रांवर दोन वेगळी उत्तरे देऊ शके आणि बरोबर कोण, हे ठरविण्यासाठी यंत्राबाहेरचे कोणतेही प्रमाण नसे. संगणक जे करील तोच अर्थ, असे म्हणावे, तर संगणकाने चूक केली असे म्हणण्याची सोयच उरत नाही. बँकेचे हिशेब, विमानांचे मार्ग, रुग्णालयातील उपकरणे ज्या यंत्रांच्या हवाली होणार होती, त्यांच्या बाबतीत ही उणीव साधी नव्हती.

शाळेत बीजगणित शिकलेल्या मुलाला 'क्ष = क्ष + १' हे विधान चुकीचे वाटते, कारण कोणतीही संख्या स्वतःहून एकाने मोठी असू शकत नाही. प्रोग्रॅममध्ये मात्र हे विधान नित्याचे आहे. येथे बरोबरीचे चिन्ह समानता सांगत नाही. उजवीकडच्या 'क्ष'ची किंमत घ्या, तीत एक मिळवा आणि उत्तर डावीकडच्या 'क्ष'च्या जागेत ठेवा, अशी ती आज्ञा आहे. म्हणजे एकच अक्षर उजवीकडे किंमत दर्शविते आणि डावीकडे स्मृतीतील जागा दर्शविते. टपालपेटीचा क्रमांक आणि तीत पडलेले पत्र यांत जो फरक, तोच येथे आहे. स्ट्रॅची यांनी या दोन अर्थांना डाव्या आणि उजव्या बाजूंवरून 'एल-व्हॅल्यू' आणि 'आर-व्हॅल्यू' अशी नावे देऊन हा भेद सिद्धांताच्या केंद्रस्थानी आणला. स्मृतीची संपूर्ण अवस्था ही एक गणिती वस्तू मानली, तर प्रत्येक आज्ञा म्हणजे जुन्या अवस्थेवरून नवी अवस्था देणारे एक फलन ठरते. मग दोन लागोपाठच्या आज्ञांचा अर्थ म्हणजे दोन फलनांचे संयोजन. अशा रीतीने यंत्राचा उल्लेखही न करता प्रोग्रॅमचा अर्थ सांगता येतो.

फलनांविषयी नेमके बोलण्यासाठी लागणारी भाषा तयारच होती. अमेरिकन तर्कशास्त्रज्ञ अलोन्झो चर्च यांनी १९३० च्या दशकात रचलेले 'लॅम्डा कॅल्क्युलस' हे ते साधन. लँडिन यांनी अल्गॉलचा मोठा भाग या भाषेत कसा उतरविता येतो, हे दाखविले. स्ट्रॅची यांनी १९६४ मध्ये व्हिएन्नाजवळच्या बाडेन येथील परिषदेत याच दिशेचा निबंध सादर केला. आज्ञांची मालिका लिहिण्याची पद्धत आणि केवळ फलनांतून विचार मांडण्याची पद्धत, असे प्रोग्रॅमिंगचे जे दोन मोठे संप्रदाय आज विद्यापीठांत शिकविले जातात, त्या दोहोंना एकाच गणिती चौकटीत आणण्याचा हा प्रयत्न होता.

अपुरी राहिलेली भाषा

दरम्यान १९६२ मध्ये मॉरिस विल्क्स यांच्या केंब्रिजमधील गणिती प्रयोगशाळेत ते रुजू झाले. तेथे आणि लंडन विद्यापीठात मिळून 'सीपीएल' ही नवी भाषा घडविण्याचे काम सुरू झाले आणि स्ट्रॅची त्याचे प्रमुख शिल्पकार झाले. प्रत्येक वैशिष्ट्य तत्त्वाला धरून असावे, हा त्यांचा हट्ट होता. भाषा वाढत गेली, चर्चा लांबत गेल्या आणि सीपीएल कधीच पूर्ण स्वरूपात यंत्रावर उतरली नाही. व्यवहाराच्या मापाने पाहिले तर हे अपयशच होते.

परंतु या अपयशातून एक वंशवेल फुटली. सीपीएलचे सोपे रूप म्हणून केंब्रिजच्या मार्टिन रिचर्ड्स यांनी १९६७ मध्ये 'बीसीपीएल' ही भाषा रचली. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन टॉम्सन यांनी तिच्यावरून 'बी' बनविली आणि डेनिस रिची यांनी १९७२ च्या सुमारास 'बी'ची 'सी' केली. नागपूरच्या यशवंत कानेटकर यांच्या 'लेट अस सी' या पुस्तकावरून जी भाषा भारतातील असंख्य विद्यार्थ्यांनी गिरविली, तिची पणजी म्हणजे स्ट्रॅची यांची ही अपुरी भाषा.

ऑक्सफर्डची दहा वर्षे

१९६५ मध्ये ऑक्सफर्ड विद्यापीठात 'प्रोग्रॅमिंग रिसर्च ग्रुप' स्थापन झाला आणि त्याची धुरा स्ट्रॅची यांच्याकडे आली. दुसऱ्या श्रेणीच्या पदवीवर थांबलेल्या माणसासाठी हे उशिरा उघडलेले दार होते. हा गट लहान होता आणि तो लहानच राहावा, असे त्यांना वाटे. प्रत्यक्ष प्रोग्रॅम न लिहिता सिद्धांत मांडणारे आणि सिद्धांत न जाणता प्रोग्रॅम लिहिणारे असे दोन तट पडणे दोघांनाही घातक आहे, ही त्यांची ठाम धारणा होती. म्हणूनच तेथे एकीकडे गणित आणि दुसरीकडे जो स्टॉय यांच्यासमवेत एका छोट्या संगणकासाठी कार्यप्रणाली लिहिणे, अशी दोन्ही कामे चालत.

१९६७ च्या ऑगस्टमध्ये कोपनहेगन येथील उन्हाळी वर्गात त्यांनी प्रोग्रॅमिंग भाषांच्या मूलभूत संकल्पनांवर व्याख्याने दिली. या व्याख्यानांची टंकलिखित टिपणे पुढे तेहतीस वर्षे हातोहात फिरत राहिली. ती रीतसर छापली गेली २००० मध्ये, म्हणजे लेखकाच्या मृत्यूनंतर पंचवीस वर्षांनी. तरीही त्यांतील कल्पनांनी एक अख्खी पिढी घडविली.

त्यातील एक कल्पना 'पॉलिमॉर्फिझम' अर्थात बहुरूपतेची. अधिकचे चिन्ह पूर्णांकांना आणि दशांश अपूर्णांकांना सारखेच वापरले जाते, पण यंत्रात दोन्ही क्रिया वेगळ्या असतात. नाव एक, कामे निराळी. ही त्यांच्या मते सोयीपुरती बहुरूपता. याउलट यादीतील घटक मोजणाऱ्या फलनाला ती यादी आकड्यांची आहे की नावांची, याच्याशी कर्तव्य नसते. एकच कृती सर्व प्रकारांना लागू पडते. ही खरीखुरी, प्रकाराला प्राचल मानणारी बहुरूपता. रॉबिन मिल्नर यांच्या 'एमएल' भाषेत, पुढे 'हॅस्केल'मध्ये आणि २००४ पासून 'जाव्हा'त 'जेनेरिक्स' या नावाने हीच कल्पना अवतरली. दोन प्राचलांचे फलन हे एकेक प्राचल घेणाऱ्या फलनांची साखळी म्हणून पाहण्याच्या युक्तीला त्यांनी तर्कशास्त्रज्ञ हॅस्केल करी यांच्या नावावरून 'करिंग' म्हटले. फलनालाही संख्येइतकाच मान मिळावा, ते दुसऱ्या फलनाला देता यावे आणि उत्तर म्हणून परत मिळावे, हा 'प्रथम दर्जाच्या वस्तूं'चा विचारही याच व्याख्यानांत आहे.

पायाखालची भेग

या इमारतीच्या पायात मात्र एक भेग होती. लॅम्डा कॅल्क्युलसमध्ये कोणतेही फलन कोणत्याही वस्तूला, अगदी स्वतःलाही, लागू करता येते. स्वतःकडेच बोट दाखविणाऱ्या अशा व्याख्यांतूनच रसेल यांचा प्रसिद्ध विरोधाभास उद्भवला होता. शिवाय जर्मन गणिती कँटर यांच्या सिद्धांतानुसार, एकाहून अधिक घटक असलेल्या कोणत्याही संचावरील फलनांची संख्या त्या संचातील घटकांपेक्षा नेहमीच मोठी असते. मग जिथे प्रत्येक वस्तू हीच फलनही आहे, असा संच असणार कसा? स्ट्रॅची सूत्रे लिहीत होते आणि ती उत्तम चालत होती. परंतु त्या सूत्रांतील चिन्हे नेमकी कोणती गणिती वस्तू दर्शवितात, हे त्यांना सांगता येत नव्हते. इतरांच्या भाषांना अर्थ देऊ पाहणाऱ्याच्या स्वतःच्याच भाषेला अर्थ नव्हता.

१९६९ च्या उन्हाळ्यात व्हिएन्ना येथील एका बैठकीत त्यांची गाठ अमेरिकन तर्कशास्त्रज्ञ डेना स्कॉट यांच्याशी पडली. दोघांचे विचार जुळले आणि शरद ऋतूतील सत्रासाठी स्कॉट ऑक्सफर्डला आले. आरंभी त्यांनी स्ट्रॅची यांना बजावले, की या लॅम्डा कॅल्क्युलसला गणिती आधार नाही. ते सोडून द्यावे आणि प्रत्येक वस्तूचा प्रकार ठरवून देणारी पद्धत स्वीकारावी. ऑक्टोबरमध्ये त्यांनी तसा निबंधही लिहिला. पण महिनाभरातच, नोव्हेंबरमध्ये, स्कॉट यांनी स्वतःचेच म्हणणे खोडून काढले. सर्वच फलने विचारात न घेता केवळ 'संतत' फलने घेतली, म्हणजे ज्यांच्या उत्तराचा प्रत्येक सान्त अंश आदानाच्या सान्त माहितीवरूनच मिळतो अशी फलने, तर कँटर यांची अडचण दूर होते आणि स्वतःच्याच फलनांशी एकरूप असलेली रचना प्रत्यक्ष उभारता येते, असा शोध त्यांना लागला. संगणक मुळात एवढीच फलने काढू शकतो, त्यामुळे या मर्यादेने काहीच गमावले जात नव्हते. ऑक्टोबरमधील तो निबंध त्यामुळे बाजूला पडला आणि १९९३ मध्येच छापला गेला. मधल्या काळात तो हस्तलिखित प्रतींतून वाचला गेला आणि मिल्नर यांच्या कामाला त्यातूनही चालना मिळाली.

या सिद्धांताने स्वतःचाच आधार घेणाऱ्या व्याख्यांचे कोडे उलगडले. ५ चे क्रमगुणित म्हणजे ५ गुणिले ४ चे क्रमगुणित, अशी व्याख्या प्रोग्रॅममध्ये सर्रास लिहितात. जे सांगायचे तेच गृहीत धरल्यासारखे हे दिसते. स्कॉट आणि स्ट्रॅची यांनी त्याकडे असे पाहिले : आरंभी काहीच माहीत नाही. व्याख्या एकदा लावली की ० चे उत्तर कळते, दुसऱ्यांदा लावली की १ चे, मग २ चे. प्रत्येक पायरीवर माहिती वाढते, आधीची कधी खोटी ठरत नाही. या वाढत्या अंदाजांची जी सीमा, तोच त्या व्याख्येचा अर्थ. गणिताच्या परिभाषेत तो 'लघुतम स्थिरबिंदू'. जो प्रोग्रॅम कधी थांबतच नाही, त्याचा अर्थ म्हणजे कधीही न वाढणारी माहिती. रेल्वेच्या डब्यात ट्युरिंग यांच्याकडून ऐकलेल्या त्या न थांबणाऱ्या प्रोग्रॅमलाही अशा रीतीने गणितात एक जागा मिळाली.

१९७१ मध्ये दोघांचा संयुक्त निबंध प्रसिद्ध झाला आणि 'डिनोटेशनल सिमँटिक्स' ही अभ्यासशाखा उभी राहिली. त्याच वर्षी ऑक्सफर्डने स्ट्रॅची यांना प्राध्यापकपद बहाल केले आणि ब्रिटिश कॉम्प्युटर सोसायटीने विशेष सन्माननीय सदस्यत्व दिले. प्रोग्रॅममध्ये अधेमध्ये उडी मारणाऱ्या 'गोटू' आज्ञेचा अर्थ लावणे हे उरलेले अवघड काम. ते त्यांनी आपले विद्यार्थी ख्रिस्तोफर वॉड्सवर्थ यांच्यासह १९७४ मध्ये 'कंटिन्युएशन' या कल्पनेच्या आधारे पार पाडले.

अकाली अखेर

स्ट्रॅची यांचा स्वभाव परिपूर्णतेचा ध्यास घेणारा होता. मनाजोगे उतरल्याशिवाय ते काहीही छापावयास देत नसत, त्यामुळे त्यांच्या नावावरील प्रकाशित निबंध थोडे आहेत. आपला सारा सिद्धांत एकत्र मांडण्याची संधी त्यांना केंब्रिजच्या ॲडम्स पारितोषिकाच्या निमित्ताने मिळाली. रॉबर्ट मिल्न यांच्यासमवेत त्यांनी १९७४ चे वर्ष या प्रदीर्घ प्रबंधासाठी खर्ची घातले. तो पूर्ण झाला आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत त्यांना काविळीने ग्रासले. मधे उतार पडल्यासारखे वाटले, पण आजार उलटला आणि १८ मे १९७५ रोजी वयाच्या ५८ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. मिल्न यांनी सिद्ध केलेला तो ग्रंथ १९७६ मध्ये प्रकाशित झाला. स्टॉय यांनी १९७७ मध्ये लिहिलेल्या पाठ्यपुस्तकाने हा विषय विद्यार्थ्यांपर्यंत नेला. त्यांच्या गटाची सूत्रे पुढे टोनी होअर यांनी घेतली. आज ऑक्सफर्डमध्ये त्यांच्या नावे प्राध्यापकपद आणि व्याख्यानमाला आहे.

प्रोग्रॅमचा अर्थ गणिताने ठरविता येतो, म्हणूनच प्रोग्रॅम बरोबर असल्याची सिद्धताही देता येते, हा विचार आता रूढ झाला आहे. फ्रान्समधील 'कॉम्पसर्ट' हा कंपायलर मूळ प्रोग्रॅमचा अर्थ बदलत नाही, हे गणिताने सिद्ध करण्यात आले आहे. त्याची पद्धत थेट स्ट्रॅची यांची नव्हे, पण भाषेचा अर्थ आधी काटेकोर मांडला पाहिजे, ही अट तीच आहे. दुसरीकडे, एकाच ओळीत एकाच चलाची किंमत दोनदा बदलणारे 'सी'मधील कोडे परीक्षेत आणि मुलाखतीत विचारले जाते. त्याचे उत्तर कंपायलरगणिक बदलते, कारण त्या ओळीला भाषेच्या प्रमाणग्रंथाने अर्थच दिलेला नाही. विद्यार्थी यंत्रावर चालवून पाहतात आणि आलेले उत्तर पाठ करतात.

यंत्राने दिलेले उत्तर म्हणजे अर्थ नव्हे, हे सांगण्यात त्या हॅरोच्या मास्तराने आपली उत्तरायुष्यातली वर्षे वेचली. मुंबईच्या न्यायालयात एका स्ट्रॅचींनी शब्दाचा अर्थ लावला, तेव्हा तो मान्य करण्यावाचून आरोपीला गत्यंतर नव्हते. ऑक्सफर्डच्या स्ट्रॅचींनी अर्थ लावण्याचा अधिकार कोणा व्यक्तीच्या किंवा यंत्राच्या हाती न ठेवता सर्वांना पडताळून पाहता येईल अशा गणिताच्या हाती सोपविला.